वंदनाताईंचं मशीन

ठाणे-बेलापूर रस्त्यानं रबाळे, महापेच्या बाजूनं गेलात तर खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. पूर्वी या पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते आणि नुसत्या वासावरून आपला स्टॉप जवळ आला हे कळायचं. आता त्या इमारतींत संगणक राहतात. बाहेर जनरेटरची रांग, आत बारा महिने थंड हवा आणि दारावर पहारा. बसमधली माणसं तिकडे बघतही नाहीत. मी मात्र बघायचो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी अशाच इमारतींतली मशिनं निवडण्यात घालवली. ती नेमकी कुठल्या इमारतीत आहेत हे भाड्यानं देणारी कंपनी सांगत नाही. त्यामुळे मी निवडलेल्या मशिनांपैकी एकही मी आजवर पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. खारघरला आमच्या सोसायटीत माझी ओळख 'जाधव, कॉम्प्युटरमध्ये होते' एवढीच आहे आणि कुणी जास्त विचारलं की मलाही पटकन सांगता येत नाही. माझे वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार झाले. त्यांना मी एकदा खूप वेळ घेऊन समजावून सांगितलं होतं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे माल किती, रस्ता कुठला, ते बघून तू भाड्याचा टेम्पो ठरवतोस." मी हो म्हटलं. त्याहून चांगलं मला अजून जमलेलं नाही.

माल म्हणजे नकाशे. तुमच्या फोनवर रस्ता दाखवतो तो नकाशा नव्हे. गॅस, वीज, पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांकडे त्यांचा स्वतःचा नकाशा असतो. जमिनीखालची प्रत्येक नळी, प्रत्येक जोड, प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात असतो. तो काढायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर फार जड असतं. पूर्वी त्यासाठी कंपनीतच एक एसी लावलेली खोली असायची आणि तिच्यात आपले संगणक. आता तेच काम दुसऱ्याच्या इमारतीतलं मशीन भाड्यानं घेऊन करतात. त्याला क्लाउड म्हणतात. मशिनांचे प्रकार इतके असतात की गिऱ्हाईक यादी बघूनच दमतं. तेव्हा माझ्यासारख्याला बोलावतात.

गिऱ्हाइकांचे नमुने मी पुष्कळ पाहिले. एका जमीन-विकसकानं मला न विचारता सगळ्यात मोठं मशीन घेतलं आणि नकाशा पूर्वीइतकाच रेंगाळला. त्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम एकामागून एक चालतं. सुईत दोरा ओवायला मांडवभर माणसं बोलावली तरी ओवणारा एकच असतो, बाकीचे बघत उभे राहतात. त्यांना कमी माणसांचं पण चपळ हाताचं मशीन हवं होतं. दुसऱ्या एका कंपनीनं माहितीचा साठा मुंबईत ठेवला आणि नकाशा काढायची मशिनं भाडं कमी म्हणून परदेशात घेतली. नकाशाचं सॉफ्टवेअर एक रेष दाखवायच्या आधी साठ्याला शेकडो बारीकसारीक प्रश्न विचारतं. प्रत्येक प्रश्न समुद्रापलीकडून येणार आणि उत्तर घेऊन परत जाणार. माणसं नकाशा उघडायला सांगून चहाला जाऊन यायची. मला बोलावलं तोवर त्यांनी इंटरनेटवाला दोनदा बदलला होता.

अशा गोष्टी सांगून मी पुष्कळदा लोकांना हसवलं आहे. पण एक मशीन मी एकाच माणसासाठी निवडलं. त्याबद्दल मी आजवर फारसा कुणाशी बोललो नाही. ज्यांचं ते होतं त्यांना विचारूनच इथे लिहितोय. नावं मात्र बदलली आहेत.

बेलापूरला एक गॅस कंपनी होती. घराघरांत नळीनं गॅस पोचवणारी. त्यांची संगणकाची खोली तळघरात होती आणि एका पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरलं. मशिनं थोडक्यात वाचली. वरिष्ठांनी ठरवलं की आता सगळं क्लाउडवर न्यायचं. नकाशा विभागाचे प्रमुख थॉमस साहेब होते. मूळचे केरळचे, पण वाढलेले इथलेच. मोजकं बोलणारे आणि हिशोबाला कडक. त्यांच्या हाताखाली दहा-बारा जण नकाशावर रेषा काढायचं काम करायचे. कुठे नवी नळी टाकली, कुठली हलवली, ते रोज नकाशात चढवायचं. नकाशाच्या एकेका पानाला ते शीट म्हणत.

हे काम का महत्त्वाचं ते सांगायला हवं. रस्ता खोदायच्या आधी खोदणारा गॅस कंपनीकडून नकाशा मागतो. नळी फुटपाथखालून गेली आहे की गटाराच्या पलीकडून, ते त्या कागदावर बघून जेसीबीचा दात खाली जातो. रेष हातभर चुकली तर दात नळीवर बसतो. एकदा तळवलीजवळ तसं झालं होतं. रस्ता रुंद झाला आणि नकाशात जुनीच कड राहिली होती. एका मजुराचे दोन्ही हात भाजले. तो वाचला, पण त्या विभागात तळवलीचं नाव निघालं की सगळे गप्प होत.

मी त्यांच्यासाठी आखलेली योजना साधी होती. माहितीचा साठा आणि नकाशा काढायची मशिनं एकाच जागी, मुंबईतच ठेवायची. रेषा काढणाऱ्यांच्या टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड आणि एक छोटी डबी राहील. खरं काम दूरच्या मशीनवर होईल आणि त्याचं चित्र इथल्या पडद्यावर दिसेल. नकाशा सरकवला की तो पुन्हा रंगवावा लागतो, ते काम ग्राफिक्स कार्ड करतं. असं कार्ड असलेली मशिनं महाग पडतात, म्हणून एक कार्ड बऱ्याच जणांत वाटून द्यायचं. एक माणूस नकाशा हलवत असतो तेव्हा दुसरा टाइप करत असतो, तिसरा फोनवर असतो. त्यामुळे वाटून घेतलं तरी पुरतं. हा हिशोब मी अनेक ठिकाणी केला होता आणि तो चुकला नव्हता.

महिनाभर चाचणी घेतली. सगळे खूश होते. जुन्या संगणकांपेक्षा काम झपाट्यानं होत होतं. तक्रार एकटीचीच होती. वंदना गायकवाड. सगळे त्यांना वंदनाताई म्हणत. पंचेचाळिशीच्या, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. त्यांचे आईवडील जालन्याकडच्या गावातून तुर्भ्याला आलेले. त्या स्वतः लग्नानंतर करंजाड्यात राहायला गेल्या होत्या. नवरा कळंबोलीला ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून, मुलगी फार्मसीला. त्या विभागात त्या कंत्राटावर होत्या, पण इतकी वर्षं की कायम झालेल्यांना त्यांनीच काम शिकवलं होतं.

त्यांची तक्रार दोन शब्दांची होती. नकाशा उडतो.

मी आकडे काढून पाहिले. सरासरी उत्तम होती. थॉमस साहेब म्हणाले की एकाला नवीन गोष्ट आवडत नाहीच, पुढे चला. पण मला त्यांचा वापर विचित्र वाटला. ग्राफिक्स कार्डाचा त्यांच्या वाट्याचा भाग सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण भरलेला दिसायचा. इतरांचा मधूनमधून भरायचा आणि रिकामा व्हायचा. त्यांचा रिकामा होतच नव्हता. काम सगळ्यांचं सारखंच होतं. मग या एकट्या काय करत होत्या? मी साहेबांना म्हटलं, मला एक दिवस त्यांच्याशेजारी बसू द्या.

मी खुर्ची ओढून बसलो. वंदनाताईंनी विचारलं, "सर, माझं काय चुकतंय का?" मी म्हटलं की तुमचं नाही, माझंच बघायला आलोय. त्या कामाला लागल्या.

थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की त्यांची पद्धत वेगळी आहे. इतर लोक नकाशा उघडतात, एका जागी ठेवतात आणि त्याच्यावर नजर फिरवतात. वंदनाताई नजर फिरवत नव्हत्या. त्या पडद्याच्या मध्यभागी एकटक बघत होत्या आणि नकाशाच डोळ्यांखालून सरकवत होत्या. नळीची एक रेष, टोकापासून टोकापर्यंत, सतत, न थांबता. म्हणून ते कार्ड दिवसभर रंगवत राहायचं. आणि वाटणीचा भाग संपला की नकाशा क्षणभर अडखळायचा आणि एकदम पुढे जाऊन पडायचा. बाकीच्यांना ते जाणवतही नसे. वंदनाताईंची मात्र रेष सुटायची. मग त्या मागे जाऊन ती पुन्हा शोधायच्या.

दुपारी चहावाला आला. त्यानं कप त्यांच्या उजव्या कोपराशी ठेवला. त्यांनी हात पुढे केला तो कपाच्या बाजूनं हवेत गेला. मग त्यांनी मान वळवून कप शोधला आणि उचलला. माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहिलं ते त्यांना कळलं.

त्या म्हणाल्या, "सर, गच्चीवर येता का जरा?"

गच्चीवर कुणी नव्हतं. पलीकडे खाडीचं पाणी चमकत होतं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि सरळ सांगायला लागल्या. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. घराण्यातला. त्यांच्या मामाला होता. त्यात नजर मधून जात नाही, कडेकडून जाते. आधी अंधारात दिसेनासं होतं, म्हणून हिवाळ्यात त्या उजेड असतानाच निघायच्या आणि लोक म्हणायचे की बाईंना घरी जायची घाई. मग बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले होते की मधलं वर्षानुवर्षं टिकू शकतं किंवा लवकर जाऊही शकतं, कुणी सांगू शकत नाही. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

"कंत्राट दर वर्षी नवं होतं," त्या म्हणाल्या. "आंधळी होणारी बाई कोण ठेवतं? पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून. तुमी रिपोर्टात लिहू नका, एवढंच सांगायला आणलं तुमाला."

मला त्यांची दया आली आणि तेवढीच भीतीही वाटली. मी म्हटलं, "ताई, ही गॅसची लाइन आहे. एखादी रेष तुमच्या हातून सुटली तर..."

त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढला नव्हता. "तळवलीची शीट नंतर मीच दुरुस्त केली, सर. त्या माणसाला बघायला दवाखान्यात आमच्यातून मी एकटी गेले होते. मला ते सांगू नका."

माझ्या कामात असा प्रसंग कधी आला नव्हता. मशीन कमी पडलं तर मोठं घ्या, एवढंच मी आयुष्यभर सांगत आलो होतो. मोठं का घ्यायचं याचं कारण असं एखाद्याच्या पोटाशी येऊन थांबेल असं मला वाटलं नव्हतं. कारण न लिहिता मी त्यांच्यासाठी वेगळं मशीन मागितलं असतं तर साहेबांनी ते पहिल्या वाचनातच खोडलं असतं. आणि समजा मंजूर झालं असतं, तरी त्या नजरेवर काढलेल्या रेषा बिनबोभाट रस्त्यावर जात राहिल्या असत्या.

शेवटी मी म्हटलं, "वंदनाताई, मी खोटं लिहिणार नाही. पण तुमच्याआधी मी कुणाला सांगणारही नाही. पुढच्या बैठकीपर्यंत रिपोर्ट देत नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्या म्हणाल्या, "म्हणजे सांगायचं मीच." मी मान हलवली. माझं मान हलवणं त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, म्हणून मग तोंडानं हो म्हटलं. जिना उतरताना त्या पुढे होत्या. प्रत्येक पायरी पायानं चाचपत उतरत होत्या आणि इतके दिवस हे कुणाच्या नजरेत कसं आलं नाही याचं मला आश्चर्य वाटत राहिलं.

बैठकीत थॉमस साहेबांनी माझी योजना मांडली. सगळ्यांसाठी वाटून घेतलेली मशिनं, एकच नियम. त्यांनी एकेकाला विचारलं. सगळे ठीक म्हणाले. वंदनाताईंची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. उभं राहायची तिथे पद्धत नव्हती.

"सर, मला हे मशीन पुरणार नाही. आणि त्यात मशीनचा दोष नाही." मग त्यांनी दोन्ही मुठी गोल करून डोळ्यांपुढे धरल्या, लहान मुलं दुर्बीण करतात तशा. "मला एवढंच दिसतं. पण जेवढं दिसतं तेवढं साफ दिसतं."

त्यांनी सगळं सांगितलं. गच्चीवर मला सांगितलं होतं तितकंच, त्याच क्रमानं. बहुधा घरी मनातल्या मनात पाठ केलं असावं. थॉमस साहेब टेबलाकडे बघत होते. मला वाटलं ते काहीतरी धीराचं बोलतील. ते म्हणाले, "गायकवाड मॅडम, आजपासून तुम्ही लाइनला हात लावायचा नाही. डॉक्टरचा रिपोर्ट येऊ द्या." वंदनाताई "हो सर" म्हणाल्या आणि बसल्या.

त्या वेळी मला साहेबांचा राग आला होता. आज विचार करतो तेव्हा वाटतं की त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच करावं लागलं असतं. पण सगळ्यांसमोर केलं नसतं.

पुढचे काही आठवडे वंदनाताई जुने कागद स्कॅन करत बसायच्या. त्यांच्या टेबलावरचा पडदा काळा असायचा. मी तिकडे गेलो की त्या नमस्कार करायच्या, पण बोलायच्या नाहीत. एकदा त्यांच्या मिस्टरांचा फोन आला तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या आणि मी खालून वर येत होतो. त्या म्हणत होत्या, "जयभीम. हो, स्कॅनिंगच. पगार आहे तेवढाच आहे अजून. तिला काही सांगू नको." मी परत खाली गेलो आणि उगाच पान खाऊन आलो. ताईंना खरं बोलायला लावून मी त्यांचं काय भलं केलं, हे मला कळत नव्हतं.

डॉक्टरांचा रिपोर्ट आला. मधली नजर पूर्ण होती. बाजूची जवळजवळ गेली होती. साहेबांनी मला बोलावलं आणि तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं की यावरून काहीच ठरत नाही. डोळ्यांचे डॉक्टर अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, आपलं काम तक्त्याचं नाही. आपण आपली परीक्षा घेऊ.

ती परीक्षा मी आखली, आणि माझ्या सगळ्या नोकरीत याहून जास्त काळजीनं मी काही आखलं नसेल. प्रत्यक्ष जमिनीवर मोजून खात्री केलेल्या काही शीट घेतल्या. त्यांच्यात मुद्दाम चुका घातल्या. कुठे नळी गटाराच्या चुकीच्या बाजूला, कुठे जोड निसटलेला, कुठे दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे एकीचं टोक दुसरीला चिकटवलेलं. अर्ध्या शीट वंदनाताईंनी वाटणीच्या मशीनवर तपासायच्या. बाकीच्या अर्ध्या एका दुसऱ्या मशीनवर. त्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड एकट्या त्यांचं असणार होतं. कुठलं मशीन कोणतं हे त्यांना सांगायचं नाही. साहेब स्वतः मागे बसले.

वाटणीच्या मशीनवर त्यांनी सरळ रेषांवरच्या चुका बरोबर पकडल्या, पण ओलांडणीच्या जागी नकाशा अडखळला की त्या पलीकडे भलत्याच रेषेवर उतरत होत्या. काही चुका सुटल्या. दुसऱ्या मशीनवर नकाशा पाण्यासारखा सरकत राहिला. तिथे एकही सुटली नाही.

मी निकालाचा कागद दोनदा वाचला. बाई त्याच होत्या, डोळे तेच होते, दिवसही तोच. एका मशीनवर त्या या कामाला नालायक ठरत होत्या आणि दुसऱ्यावर लायक. मी यादीतल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवतो, त्यावर ते ठरत होतं. पूर्वी मी अशी बोटं किती ठिकाणी ठेवली आणि सरासरीच्या खाली कोण कोण दबून गेलं असेल, हे मला कधीच कळणार नाही.

थॉमस साहेबांनी दोन गोष्टी केल्या. ते मशीन मंजूर केलं, एका खुर्चीपुरतं. आणि नियम काढला की यापुढे कुणाचीही रेष दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय पक्की होणार नाही. कुणाचीही, म्हणजे सगळ्यांची. त्यावर विभागात पुष्कळ कुरकुर झाली, काम वाढलं म्हणून. पुढे त्या तपासणीत चांगली नजर असलेल्यांच्याही चुका निघायला लागल्या तेव्हा कुरकुर थांबली. मी साहेबांचे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, "जाधव, आभार कशाला? मी दया केली असं बाहेर बोलू नका. त्या पास झाल्या."

वंदनाताई परत आपल्या पडद्यासमोर बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं की हे मशीन कुठे असतं. मी म्हटलं, असेल रबाळे-महापेच्या बाजूला कुठेतरी, मलाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "जवळच आहे म्हणजे." आणि नकाशा सरकवायला लागल्या.

त्यानंतर काही वर्षं त्यांनी त्या मशीनवर काम केलं. करंजाड्याकडे नवी नळी जात होती, ते काम त्यांनी मागून घेतलं. आधी नकाशात नुसते आखलेले मोकळे रस्ते होते, मग एकेक इमारत आली आणि प्रत्येक इमारतीला एकेक नळी. त्यांच्या स्वतःच्या इमारतीची नळी त्यांनीच काढली आणि नियमाप्रमाणे शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं तपासली. मी दर वर्षी त्या मशीनचा आढावा घ्यायला जायचो. बोलणं मशीनचंच व्हायचं. डोळ्यांचा विषय मी काढत नसे, त्याही काढत नसत. फक्त प्रत्येक वर्षी पडद्यावरचा नकाशा आणखी मोठा केलेला दिसायचा आणि सरकण्याचा वेग आणखी कमी. त्या एका नजरेत आता रस्त्याचा फार छोटा तुकडा मावत होता.

एकदा त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "सर, मशीन काढून घ्या."

मला वाटलं काही बिघाड आहे. मी म्हटलं, येऊन बघतो. त्या म्हणाल्या, "बिघाड नाही. या आठवड्यात दोनदा रेष सुटली माझ्याकडून. दोन्ही वेळा तपासणीत सापडली. म्हणून कुणाला काही झालं नाही. पण मला कळलंच नव्हतं, सर, सुटली म्हणून. आधी निदान कळायचं."

मी याहून मोठ्या कार्डाचं बोलून पाहिलं. पडदा बदलू, रंग बदलू, रेषा जाड करू, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या यादीत आता माझ्यासाठी काही नाही. मीच साहेबांना सांगितलंय. तुमी फक्त या."

साहेबांनी त्यांना घालवलं नाही. नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं. नळीचा नकाशा वाचायचा कसा, कुठे चूक होते, हे त्या पुढे वर्षभर नुसत्या बोलण्यानं शिकवत होत्या. मुलीला नोकरी लागल्यावर त्यांनी कंत्राट नवं केलं नाही. आता त्या करंजाड्यात घरी असतात. कधीतरी फोन होतो आमचा. पण मला सांगायचंय ते मशीन बंद केलं त्या दिवसाबद्दल.

भाड्याचं मशीन काढून टाकायला कुठे जावं लागत नाही. मी माझ्या घरूनही ते करू शकलो असतो. पण त्यांनी या म्हटलं होतं, म्हणून गेलो. सकाळची वेळ होती, खोलीत बाकीचे अजून यायचे होते. मी त्यांच्याच पडद्यावर माझ्या नावानं आत शिरलो. त्या शेजारी बसल्या होत्या.

त्यांनी विचारलं, "माझ्या शीट जातील का?"

मी सांगितलं की शीट साठ्यात आहेत, मशीन गेलं तरी त्यांना काही होत नाही. त्यांनी काढलेली प्रत्येक रेष तिथेच राहणार.

"मग काय जातं?"

"फक्त मशीन."

त्यांनी मान डोलावली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. हे मशीन कायमचं काढून टाकायचं, खात्री आहे का, असं विचारणारी. मला एकदम वाटलं की हे मी करणं बरोबर नाही. मी माउस त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, तुम्हीच करा.

त्यांनी माउसवर हात ठेवला. पडद्याच्या डाव्या बाजूपासून त्यांची मान अगदी हळू वळायला लागली. ती मध्यापर्यंत आली, थोडी खाली गेली, पुन्हा मागे गेली. मी बोट दाखवणार होतो, पण हात उचलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवला.

"तुमीच दाबा, सर," त्या म्हणाल्या. "मला ते बटण शोधायला लागेल."

बटण खाली, उजव्या कोपऱ्यात होतं. मी दाबलं.